सुखोई शेतात पडतं तेव्हा नेमकं काय होतं?

हे नेहमीप्रमाणे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना मी जिथे जिथे "म्हणजे, म्हणजे" करत अडखळलो, तेवढं इथे काढून टाकलंय. बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. केडगावकडचा, म्हणजे दौंड तालुक्यातला एक श्रोता आहे, बारावीला आहे. त्याने विचारलं, "दादा, आमच्या वरून सुखोई जातात. समजा एखादं बिघडलं, तर पायलट ते गाव सोडून शेतात नेऊन पाडतो ना? बातम्यांत तर असंच सांगतात."

मी लगेच "हो रे" असं टाइप केलं. पाठवायच्या आधी म्हटलं जरा बघून घेऊ. आणि बघता बघता रात्रीचे अडीच वाजले. कारण खरं उत्तर "कधीकधी हो" असं आहे, आणि त्या "कधीकधी"मध्येच सगळी गोष्ट आहे.

आधी जागा समजून घेऊ. लोहगावची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. ज्या पट्टीवर तुमचं-आमचं दिल्लीचं विमान उतरतं, तीच हवाई दलाची पट्टी. सुखोई-३० जातीची विमानं भारतात पहिल्यांदा आली ती १९९७ साली, आणि आली ती इथेच. पुढे २००२ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती, सुखोई-३० एमकेआय, हीसुद्धा पहिल्यांदा लोहगावलाच दाखल झाली. पूर्वेकडून उतरायचं असेल तर विमान येतं शिरूर-दौंडच्या बाजूने. नगर रोडला कोरेगाव भीमा, शिक्रापूर. सोलापूर रोडला यवत, केडगाव. या पट्ट्यातल्या पोरांना आवाजावरून कळतं, प्रवासी विमान कुठलं आणि सुखोई कुठलं. गुऱ्हाळावर रस पीत बसलेला माणूस मानसुद्धा वर करत नाही.

या पट्ट्याच्या पुण्याकडच्या टोकाला दोनदा सुखोई पडलंय. १३ डिसेंबर २०११ ला दुपारी वाडेबोल्हाईजवळ. गाव हवेली तालुक्यात असलं तरी शिरूरची हद्द तिथून लांब नाही. दुसऱ्यांदा १४ ऑक्टोबर २०१४ ला संध्याकाळी, थेऊरजवळ कोलवडीच्या शिवारात. दोन्ही वेळा दोन्ही वैमानिक बाहेर पडले आणि वाचले, खाली शेतात कुणाचा जीव गेला नाही. म्हणून या दोन्ही घटना आपल्या आठवणीत "केवढा तो धूर" एवढ्याच उरल्यात.

पण तिसरी एक घटना आहे. ती इथे घडली नाही, तरी सुरू इथूनच झाली. ३० एप्रिल २००९. लोहगावहून एक सुखोई-३० एमकेआय नेहमीच्या सराव उड्डाणाला निघालं आणि राजस्थानात, जैसलमेर जिल्ह्यात पोखरणच्या भागात कोसळलं. भारताने गमावलेलं हे या जातीचं पहिलं विमान. आत दोघे होते. विंग कमांडर सिद्धार्थ विश्वास मुंजे वाचले, पाठीला दुखापत झाली. विंग कमांडर पी. एस. नारा गेले.

दोघे एकाच विमानात, एकच बिघाड, दोघेही बाहेर फेकले गेले. मग एक जगला आणि एक गेला, असं का? मला या एपिसोडमध्ये हाच प्रश्न सोडवायचाय. केडगावच्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच मिळेल.

आधी बिघाड काय होता ते. तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी सांगितलं की अपघाताचं संभाव्य कारण 'फ्लाय-बाय-वायर' यंत्रणा निकामी होणं हे होतं. २०११ च्या वाडेबोल्हाईच्या अपघातानंतरही सुरुवातीच्या बातम्यांत हाच शब्द होता. हा शब्द आपण सगळे ऐकतो आणि पुढे जातो. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला मात्र तिथे थांबावंच लागलं.

जुन्या विमानात वैमानिकाने दांडी ओढली की तारा, कप्प्या, हायड्रॉलिक यांच्यामार्फत ती ओढ थेट पंखांवरच्या हलत्या भागांपर्यंत जायची. सायकलचा ब्रेक जसा. फ्लाय-बाय-वायरमध्ये दांडी फक्त एक सिग्नल देते. "मला नाक वर हवंय." मधला संगणक वेग बघतो, उंची बघतो, विमान कुठल्या कोनात आहे ते बघतो आणि ठरवतो की शेपटीचा कुठला भाग किती अंश हलवायचा. म्हणजे वैमानिक विनंती करतो आणि विमान उडवतो तो संगणक.

एवढा खटाटोप कशासाठी? सुखोईसारखं विमान मुद्दाम अस्थिर बनवलेलं असतं म्हणून. तळहातावर उभी काठी तोलून बघा. हात सतत इकडे तिकडे हलवावा लागतो, थांबलात की काठी पडली. पण त्या काठीला झटकन वळवायचं असेल तर ती आधीच वळायला तयार असते. लढाऊ विमानाला हीच चपळता हवी असते. प्रश्न इतकाच की हात सेकंदाला अनेक वेळा हलवायला माणूस पुरत नाही. ते काम संगणकाचं. तो थांबला की काठी पडते, आणि या काठीचं वजन पूर्ण भरलेल्या अवस्थेत जवळपास ३९ टन असतं.

साहजिकच एका संगणकावर कुणी विसंबत नाही. सुखोईत ही यंत्रणा चौपदरी आहे. चार स्वतंत्र वाटा. एकीने वेडंवाकडं उत्तर दिलं तर उरलेल्या तिघी तिला मतदानातून बाहेर काढतात. ऐकायला भारी वाटतं. पण आमच्या धंद्यातली एक कटू गोष्ट सांगतो. एकाच कोडच्या चार प्रती चार सर्व्हरवर चालवल्या आणि कोडमध्ये चूक असली, तर चारही सर्व्हर एकमताने, अगदी आत्मविश्वासाने, तीच चूक करतात. वीजपुरवठा एकाच ठिकाणाहून येत असेल तर चारही एकदम झोपतात. एकेकट्या बिघाडाला मतदान हा इलाज आहे, पण सगळ्यांना एकाच वेळी गाठणाऱ्या बिघाडापुढे तो चालत नाही. २००९ च्या विमानात नेमका कुठला धागा तुटला हे मी सांगू शकत नाही, तो अहवाल लोकांसाठी नाही. तो का नाही, यावर पुढे येतो.

आता काठी पडायला लागलीये असं समजा. कॉकपिटमध्ये काय चालू असतं?

हिशोब करू. विमान ३०० मीटर उंचीवर आहे आणि सेकंदाला १०० मीटर वेगाने खाली येतंय. तीन सेकंद. मोबाईल अनलॉक करायला बऱ्याच जणांना एवढा वेळ लागतो. त्या तीन सेकंदांत वैमानिकाला बिघाड ओळखायचा, तो दुरुस्त होतो का ते ठरवायचं आणि होत नसेल तर बाहेर पडायचं. म्हणून अनेक हवाई दलांत सरळ नियम असतो: विमान ताब्यातून गेलंय आणि उंची दहा हजार फुटांच्या खाली आली, तर विचार बंद, हँडल ओढा. तीन हजार मीटर ऐकायला खूप वाटतं, पण घसरणाऱ्या विमानात तो वीस-तीस सेकंदांचा मामला असतो.

सुखोईतलं आसन रशियन बनावटीचं आहे, के-३६ मालिकेतलं. हे आसन जगप्रसिद्ध झालं १९८९ मध्ये, पॅरिसच्या एअर शोमध्ये. अनातोली क्वोचूर नावाच्या रशियन चाचणी वैमानिकाचं मिग-२९ जमिनीपासून शंभर मीटरच्या आसपास असताना नाकावर खाली आलं आणि तो अगदी शेवटच्या क्षणी बाहेर पडून वाचला. व्हिडिओ अजून फिरतो, बघा.

पायांमधलं हँडल ओढलं की पुढचं सगळं आपोआप घडतं. आधी डोक्यावरची काच, म्हणजे कॅनोपी, उडून जाते. पट्टे खांदे मागे खेचून शरीर पाठीला घट्ट बसवतात, पाय आत ओढले जातात. आसनाखालचा दारूगोळा फुटतो, मग रॉकेट पेटतं. पुढे-मागे दोन आसनं असली की साधारण मागचं आधी सुटतं, म्हणजे पुढच्याच्या रॉकेटची आग मागच्याच्या तोंडावर येत नाही. मग पॅराशूट उघडतं आणि आसन सुटून खाली पडतं. हँडल ओढल्यापासून हे सगळं दोन-तीन सेकंदांचं काम.

फुकट मात्र काही मिळत नाही. त्या क्षणी शरीरावर वजनाच्या बारा ते अठरापट भार येतो. सत्तर किलोचा माणूस क्षणभर एक टनाहून जड. मणके दबतात, कधी मोडतात. मुंजे यांच्या पाठीची दुखापत म्हणूनच नवलाची नाही. इजेक्शननंतर पाठ दुखणं म्हणजे आसनाने काम नीट केलं, असंही म्हणता येईल.

आणि नारा? त्यांच्या बाबतीत तेव्हा आलेल्या बातम्या असं सांगतात की बाहेर पडताना त्यांचा सेफ्टी हार्नेस निकामी झाला. हार्नेस म्हणजे ते पट्टे. फ्लाय-बाय-वायर नाही, रॉकेट नाही, दांडीवरचं कौशल्य नाही. माणसाला आसनाशी आणि पॅराशूटशी बांधून ठेवणारे पट्टे.

हे वाचल्यावर मी बराच वेळ दुसरं काही वाचलं नाही. दोघांमधला फरक तेवढाच होता. धाडसाचा नाही, अनुभवाचा नाही, निर्णयाचा नाही.

आता केडगावला परत येऊ. पायलट विमान शेतात नेऊन पाडतो का?

दांडी चालू असेल तर हो. इंजिन बंद पडलंय, पण विमान अजून ऐकतंय, अशा वेळी वैमानिक नाक वस्तीपासून दूर वळवतात आणि मग बाहेर पडतात. असे वैमानिक झालेत, काहींनी त्यासाठी स्वतःचे ते तीन सेकंद खर्च केलेत. त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली यायला हवा. पण फ्लाय-बाय-वायरच गेलं असेल तर विमान कुठे नेणार? वळवायला त्याच्या हातात काही नसतं. मग ते कुठे पडतं? जिथे पडायचं तिथे. शिरूर-दौंडमध्ये शेत जास्त आणि घरं कमी, म्हणून बहुतेक वेळा ते शेत असतं. "गाव वाचवलं" ही ओळ आपण प्रत्येक बातमीत आपोआप चिकटवतो, तेव्हा ज्याने खरंच गाव वाचवलं त्याची किंमत कमी होते. आणि दुसरं म्हणजे, हिरो सापडला की आपण प्रश्न विचारायचे थांबतो. हार्नेस का तुटला, हे मग कोण विचारणार?

याची उलटी बाजूही आहे. हिरो सापडला नाही की आपण दोषी शोधतो.

संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत हवाई दलाचे ३४ अपघात झाले, असं त्यात आहे. त्यातल्या १९ अपघातांपुढे कारण म्हणून लिहिलंय, मानवी चूक. अर्ध्याहून जास्त. जनरल बिपिन रावत ज्यात गेले, तो डिसेंबर २०२१ चा हेलिकॉप्टर अपघातही याच रकान्यात आहे.

मी एकदा, नोकरीच्या पहिल्या वर्षी, चुकीच्या डेटाबेसवर डिलीटची कमांड चालवली होती. (कंपनीचं नाव विचारू नका.) दुपारची मीटिंग मला आठवते. पहिल्या पाच मिनिटांत कारण ठरलं: "ज्युनियरची चूक." माझीच होती, नाकारत नाही. पण एक सिनियर बाई होत्या, त्या म्हणाल्या, "ठीक, पण टेस्टची आणि खरी स्क्रीन हुबेहूब सारखी का दिसते? आणि पहिल्या वर्षाच्या पोराला खऱ्या डेटाबेसवर डिलीटचा अधिकार दिला कुणी?" त्या दिवसानंतर खऱ्या सिस्टीमची स्क्रीन लाल झाली आणि माझा अधिकार गेला. मला ओरडून हे दोन्ही झालं नसतं.

"मानवी चूक" या शब्दावर माझा आक्षेप एवढाच आहे. तो बहुतेक वेळा खोटा नसतो, पण अर्धवट असतो. बटण चुकीचं दाबलं, तर ते तिथे का होतं? धोक्याची सूचना दिसली नाही, तर ती कुठे होती? माणूस दमला होता, तर उड्डाणांचं वेळापत्रक कुणी लावलं?

थेऊरचा २०१४ चा अपघात या दृष्टीने फारच विलक्षण आहे. विमान लोहगावला उतरायला येत होतं. वैमानिकांचं आणि हवाई दलाचं म्हणणं असं की कुणी हँडल ओढलंच नाही, आसनं आपोआप सुटली. कल्पना करा. तुम्ही उतरायच्या तयारीत आहात, आणि खुर्चीच तुम्हाला आकाशात फेकते. विमान पुढे एकटंच गेलं आणि शिवारात पडलं. इथे गाव वाचवायला कॉकपिटमध्ये कुणी उरलंच नव्हतं. यानंतर देशातली सगळी सुखोई, जवळपास दोनशे, सुमारे महिनाभर जमिनीवर उभी राहिली. रशियन बाजूने मात्र चूक माणसांचीच असल्याचं म्हटल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे ज्यांनी आसन बनवलं ते म्हणतात वैमानिक, आणि ज्यांचे वैमानिक ते म्हणतात आसन.

आणि त्या दिवशी त्या विमानात कोण होतं माहितीये? त्यांच्यातले एक होते विंग कमांडर मुंजे. तेच. पोखरणवाले. पाच वर्षांत दुसऱ्यांदा त्याच जातीच्या आसनातून बाहेर फेकले गेले आणि दुसऱ्यांदा जगले. एपिसोड रेकॉर्ड करताना मी हे वाक्य दोनदा वाचलं, कारण माझाच विश्वास बसत नव्हता.

आता अहवालाचं. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं आणि महिन्याभरात, १२ जुलैला, प्राथमिक अहवाल सगळ्यांसमोर होता. तुम्ही-आम्ही फोनवर वाचला. नागरी विमानांसाठी वेगळी चौकशी यंत्रणा आहे आणि प्रसिद्ध करणं तिच्या कामाचाच भाग आहे. लष्करी विमानासाठी हवाई दल स्वतःची कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमतं. तिचा उद्देश पुढचा अपघात टाळणं हा असतो, पण अहवाल आत राहतो. गुप्ततेचं कारण मला पटतं. विमानाची दुबळी जागा शत्रूला कशाला सांगायची? पण पट्टे, बकल, आसनाची देखभाल, यात शत्रूच्या कामाचं काय आहे? एवढा भाग तरी उघड करायला हरकत नसावी, असं माझं मत. तुम्हाला पटत नसेल तर व्हॉइस नोट पाठवा.

"सराव उड्डाण" या शब्दाबद्दलही थोडं. ऐकायला तो नेट प्रॅक्टिससारखा वाटतो. पण शांततेच्या काळात लढाऊ वैमानिक जे उडतो ते जवळपास सगळं सरावच असतं, आणि सराव खऱ्यासारखाच करावा लागतो. रात्री, जमिनीलगत, दुसऱ्या विमानाच्या अगदी जवळून. २८ जानेवारी २०२३ ला ग्वाल्हेरहून निघालेलं एक सुखोई आणि एक मिराज-२००० मध्य प्रदेशात मुरैनाजवळ सरावातच पडली. अवशेषांचा काही भाग तर दुसऱ्या राज्यात, राजस्थानात भरतपूरकडे सापडला. सुखोईतले दोघे वाचले. मिराजमध्ये एकटे होते विंग कमांडर हनुमंतराव सारथी, आपल्या बेळगावचे. ते गेले. ९ जुलै २०२५ ला राजस्थानच्या चुरू जिल्ह्यात भानुदा गावाजवळ दोन आसनी जग्वार पडलं, तेही प्रशिक्षण उड्डाणावर. दोघेही गेले.

शेवटचा भाग शिरूर-दौंडच्या पोरांसाठी, कारण पहिले पोचणारे तुम्हीच असता. हवाई दलाचं हेलिकॉप्टर यायच्या आधी बांधावरून तुमची बाईक पोचलेली असते.

पॅराशूटने उतरलेला वैमानिक दिसला तर त्याला उठवून बसवू नका, उचलून खाटेवर टाकू नका. मणका मोडलेला असण्याची शक्यता खरी आहे. हेल्मेट ओढून काढू नका. सावली करा, बोलत राहा, ११२ ला फोन करा. पॅराशूट वाऱ्याने त्याला फरफटत नेत असेल तर कापड गोळा करून दाबून धरा.

विमानाजवळ जाऊ नका. धूर उसाच्या पाचटाचा नसतो, जळणाऱ्या कंपोझिटचा असतो, त्यातले बारीक तंतू फुप्फुसात जातात. वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा. शेतात पडलेल्या आसनाला हात लावू नका, न फुटलेली दारू त्यात असू शकते. आणि धातूचा कसलाही तुकडा, पट्टा, बकल आठवण म्हणून घरी नेऊ नका. आपण इतका वेळ ज्यावर बोललो, तो तुटलेला पट्टा चौकशीवाल्यांना शेतातूनच शोधावा लागतो. तो कुणाच्या तरी कपाटात असला, तर अहवालात काय येईल ते तुम्हाला आता माहितीच आहे.

व्हिडिओ काढणारच, ते मला माहितीये. लांबून काढा आणि आधी पोलिसांना द्या, त्यातून विमान कुठल्या कोनात पडलं ते कळतं. वैमानिकाचा चेहरा काढू नका. घरी अजून फोन गेलेला नसतो.

पुढचा एपिसोड रविवारी. केडगावच्या मित्रा, तुझं नाव घेतलं नाही, तूच नको म्हणालास. पण उत्तर मिळालं का ते कळव.